पावलांचा अभ्यासक : साल्वातोरे फेरागामो

चरित्रलेख म्हटला की वार्षिकांकात देशभक्त, संत, शास्त्रज्ञ नाहीतर साहित्यिक यांचीच वर्णी लागते. बूट शिवणाऱ्या माणसाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. मी लिहितो आहे त्याला कारण आहे. आमच्या घरात आरी आणि रापी पिढ्यान् पिढ्या चालत आली. कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून केवळ बुटांच्या जोरावर जगात नाव कमावलेल्या साल्वातोरे फेरागामो या इटालियन कारागिराची हकीकत मी जरा निराळ्या उत्सुकतेने वाचली.

नेपल्स शहराच्या पूर्वेला, डोंगराळ मुलखात बोनितो नावाचे खेडे आहे. तेथे ५ जून १८९८ रोजी त्याचा जन्म झाला. चौदा भावंडांतला तो अकरावा. बाप शेतकरी आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ, त्यामुळे शाळा लवकरच सुटली. पोराला नाद लागला तो गावातल्या मोच्याच्या दुकानात बसण्याचा. आईबापांना हे मुळीच पसंत नव्हते. बूट शिवणे हा तिकडेही हलका धंदा! शेतकऱ्याच्या मुलाने दुसरे काहीही करावे, पण मोची होऊ नये, अशी त्यांची समजूत.

फरक एवढाच, की त्याला जो धंदा हट्ट करून मिळवावा लागला तो आमच्याकडे न मागता, जन्माबरोबरच पदरात पडतो. आणि पडला की सुटत नाही.

तो नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट. बहिणीला चर्चमधल्या विधीसाठी पांढरे बूट हवे होते आणि घरात पैसा नव्हता. पोराने मोच्याकडून साचे, पांढरे कापड आणि पुठ्ठा मागून आणला आणि घरातली माणसे झोपल्यावर रात्रभर बसून बूट तयार केले. त्यानंतर घरचा विरोध मावळला. पुढे नेपल्सला काम शिकून तो परतला आणि मिसरूड फुटण्याआधीच गावात स्वतःचे दुकान थाटून बसला.

त्याचे थोरले भाऊ अमेरिकेत होते. सोळा-सतरा वर्षांचा असताना तोही बोटीने तिकडे गेला. बोस्टनला बुटांचा एक प्रचंड कारखाना त्याने पाहिला. यंत्रांचा वेग पाहून तो थक्क झाला, पण तयार होणारे बूट त्याला जड आणि बेढब वाटले. तेथे न रमता तो दूर कॅलिफोर्नियात, सांता बार्बारा गावी भावांकडे निघून गेला. मला येथे त्याचे सगळेच पटत नाही. कारखान्याचा बूट बेढब असेल, पण ज्याच्या पायात काहीच नव्हते अशा मजुराला तो परवडला. फेरागामोचे बूट त्या मजुराला आयुष्यात कधी परवडणार नव्हते.

सांता बार्बाराला तेव्हा एक चित्रपट कंपनी होती. तिच्या घोडेस्वार नटांसाठी त्याने बूट शिवले. धंदा चांगला चालू लागला. दुसरा एखादा एवढ्यावर समाधानी राहिला असता. पण याच्या मनात एक प्रश्न सलत होता. बूट मापाने शिवला, कातडे उत्तम वापरले, शिलाई चोख केली, तरी लोकांचे पाय दुखतात ते का?

या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मानवी शरीररचनेचे शिक्षण घेतले. धड शाळा न झालेला, तोडकेमोडके इंग्रजी बोलणारा मोची शरीरशास्त्राच्या वर्गात बसला! मला त्याच्या साऱ्या आयुष्यात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. आमच्याकडे मुलगा शिकतो तो हत्यारे खाली ठेवण्यासाठी. घरचे तसेच सांगतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. हा मात्र शिकायला गेला तो हातातले हत्यार अधिक नीट धरता यावे म्हणून.

आपल्या एका पावलात सव्वीस हाडे असतात. फेरागामोने गवंड्याचा ओळंबा सोडावा तसा माणसाच्या शरीराचा विचार केला. माणूस सरळ उभा राहिला की शरीराचा भार सरळ खाली येतो तो तळपायाच्या कमानीवर, असे त्याच्या ध्यानात आले. तोपर्यंतचे बूट टाचेला आणि चवड्याला आधार देत, मधली कमान अधांतरी राही. त्याने त्या जागी पोलादाची पातळ पट्टी बसवून कमान उचलून धरली. पाऊल पुढे घसरायचे थांबले, बोटे मोकळी झाली. बूट उलटा केला तर ही पट्टी कोणाला दिसतही नाही.

१९२३ साली त्याने हॉलिवुडमध्ये दुकान काढले. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वान्सन अशा नट्या त्याच्याकडे येऊ लागल्या. पण हाताने काम करणारे पुरेसे कारागीर तेथे मिळेनात, म्हणून १९२७ साली तो इटलीला परतला आणि फ्लॉरेन्स शहरात त्याने कारखाना घातला. गंमत अशी, की अमेरिकेतल्या कारखान्याची रीत त्याने येथे उचलली, फक्त यंत्रांच्या जागी माणसे बसवली. प्रत्येकाकडे एकच काम, पण सारे हाताने. माल अमेरिकेलाच जाई. तिकडे मंदी आली आणि १९३३ साली त्याचे दिवाळे निघाले.

तो पुन्हा उभा राहतो न राहतो तोच मुसोलिनीने १९३५ साली इथिओपियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले, चांगले पोलाद मिळेना आणि हलक्या पोलादाच्या पट्ट्या मोडू लागल्या. तेव्हा त्याने टाच आणि तळ यांमधली सगळी पोकळीच सार्डिनिया बेटावरच्या बुचाने भरून काढली. बाटलीला लावतो तेच बूच! आज बाजारात दिसणाऱ्या सलग उंच तळाच्या चपलांचा हा उगम. कातड्याची टंचाई झाली तेव्हा त्याने गवती धागे, माशांची कातडी आणि गोळ्या-चॉकलेटे गुंडाळण्याचा चकचकीत कागद वापरून बूट केले. मुसोलिनीसाठीही त्याने बूट शिवले. पायापुढे त्याला दुसरे काही दिसत नसावे, असे म्हणून मी पुढे जातो.

त्याच्या गिऱ्हाइकांत आपल्याकडचे एक नाव आहे. कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या. त्यांनी त्याच्याकडे शंभरावर जोड नोंदवल्याचे सांगतात. त्यांतल्या काहींवर जडवायला घरचे हिरे-मोती त्यांनीच पाठवले होते. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. दोन्ही गोष्टी एकाच घराण्यातल्या. मला मोत्यांपेक्षा शिष्यवृत्ती आठवते, हे साहजिक आहे.

१९३८ साली त्याने फ्लॉरेन्समधला स्पिनी फेरोनी हा मध्ययुगीन वाडा विकत घेतला. १९४० साली आपल्याच बोनितो गावच्या वांडा मिलेत्तीशी त्याने लग्न केले. १९४७ साली पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यांच्या सँडलसाठी त्याला अमेरिकेत मोठे पारितोषिक मिळाले. ७ ऑगस्ट १९६० रोजी तो वारला. मागे सहा मुले आणि कारखाना होता. बाईंनी तो सांभाळला आणि वाढवला. त्या २०१८ साली गेल्या.

त्या वाड्यात १९९५ साली संग्रहालय उघडले. त्याने केलेले हजारो जोड तेथे जपलेले आहेत. कातडे जपणे सोपे नाही. हवा कोरडी झाली तर ते तडकते, दमट झाली तर बुरशी धरते, उन्हात रंग सोडते. माझे वडीलही पावसात भिजलेला बूट कधी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू देत नाहीत. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवतात, म्हणजे आकार बसत नाही.

पण बुटांपेक्षाही मला नवल वाटले ते साच्यांचे. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पावलाचा लाकडी साचा करून, त्यावर नाव घालून तो ठेवून देई. वयाबरोबर पाय रुंदावला की त्या जागी साच्यावर कातड्याचा तुकडा चिकटवायचा, एवढेच. ग्रेटा गार्बो, ऑड्री हेपबर्न, मेरिलिन मन्रो यांचे साचे अजून आहेत.