आकाशाची ओढ

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाचे गाव आहे. विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओ यांचे घर तेथे होते. मुंबईच्या टाटा कुटुंबातील काही मंडळी उन्हाळ्यात त्याच गावी राहत. तेथील विमाने पाहून जहांगीर नावाच्या मुलाला उड्डाणाचे वेड लागले. त्याचा जन्म इ. स. १९०४ मध्ये पॅरिस येथे झाला होता. पंधराव्या वर्षी त्याला एकदा विमानात बसावयास मिळाले, आणि आपणही वैमानिक व्हावयाचे, असे त्याने मनाशी ठरविले.

हौशी लोकांना विमान चालविणे शिकविणारी संस्था मुंबईत निघेपर्यंत मात्र सुमारे दहा वर्षे गेली. ती निघताच जहांगीर टाटा जुहूच्या मैदानावर हजर झाले. शिकाऊ विमानाला दोन बैठका असत. शिक्षक व शिष्य दोघांपुढेही विमान चालविण्याचे दांडे असत. शिष्याचा हात चुकला, तर शिक्षक सावरून घेई. चार तासांहूनही कमी शिक्षणानंतर टाटांनी एकट्याने उड्डाण केले! १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना. आज इतक्या थोड्या शिक्षणावर तो कोणी देणार नाही. वयाची सतरा वर्षे, किमान चाळीस तासांचे उड्डाण, वैद्यकीय तपासणी आणि नियम, हवामान व दिशाज्ञान यांची परीक्षा, एवढे सर्व पार पाडावे लागते.

पुढे आगाखान यांनी एक बक्षीस लावले. इंग्लंड व भारत यांमधील प्रवास एकट्याने, सहा आठवड्यांच्या आत व सर्वांत आधी पुरा करणाऱ्या भारतीयास पाचशे पौंड मिळावयाचे होते. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीर येथे टाटा उतरले, तो अस्पी तेथे अडकून पडलेला! त्याच्या यंत्राचे ठिणगी देणारे प्लग बिघडले होते आणि जवळ दुसरे नव्हते. टाटांनी क्षणाचाही विचार न करता आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले. शर्यत अस्पीनेच जिंकली, तीही केवळ काही तासांच्या फरकाने. हाच मुलगा पुढे भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून मुंबईस उड्डाण केले. वाटेत अहमदाबादेस विमानात पेट्रोल भरले, ते डबे बैलगाडीतून आणलेले होते. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच तारखेस टाटांनी तसेच एक जुने, लहान विमान कराचीहून मुंबईस पुन्हा एकट्याने आणले. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते.