झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर

झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर (इ.स. १८७६ – इ.स. १९४४) हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोगासारखी दिसणारी, परंतु त्याहून पुष्कळ संथ वाढणारी अर्बुदे (गाठी) त्यांनी वेगळी ओळखली आणि इ.स. १९०७ मध्ये त्यांना 'कार्सिनॉइड' म्हणजे 'कर्करोगसदृश' हे नाव दिले. ही अर्बुदे प्रथम आतड्यात वर्णिली गेली. पुढे फुप्फुसातील काही दुर्मीळ अर्बुदेही याच प्रकारची असल्याचे दिसून आले.

सुरुवातीचे जीवन

ओबर्नडॉर्फर यांचा जन्म म्युनिक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथेच वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी विकृतिशास्त्राकडे लक्ष वळवले. जिनिव्हा येथे काही काळ काम केल्यानंतर ते म्युनिकच्या विकृतिशास्त्र संस्थेत आले. इ.स. १९११ पासून ते म्युनिकमधील श्वाबिंग रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

कार्सिनॉइड

अशा गाठींची नोंद त्यांच्यापूर्वीही झाली होती. इ.स. १८८८ मध्ये ओटो लुबार्श यांनी शवविच्छेदनात दोन रुग्णांच्या लहान आतड्यात त्या पाहिल्या होत्या. मात्र त्यांचे स्थान कर्करोगात की सौम्य अर्बुदांत, हे अनिश्चित होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना कर्करोगाची भासे. प्रत्यक्षात त्या लहान, रेखीव कडांच्या आणि अतिशय संथ वाढणाऱ्या असत.

इ.स. १९०७ मध्ये ड्रेस्डेन येथे भरलेल्या जर्मन विकृतिशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातील अशा सहा उदाहरणांचे विवेचन केले. ही अर्बुदे आसपासच्या ऊतींत घुसत नाहीत, शरीरात अन्यत्र पसरत नाहीत आणि म्हणून निरुपद्रवी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. कार्सिनॉइड हे नाव याच निष्कर्षावर आधारलेले होते.

मतातील बदल

पुढील दोन दशकांत त्यांच्या पाहण्यात आणखी उदाहरणे आली. इ.स. १९२९ मध्ये त्यांनी आंत्रपुच्छ व लहान आतडे यांतील ३६ कार्सिनॉइड अर्बुदांचा आढावा घेतला आणि आपले पूर्वीचे मत बदलले. ही अर्बुदे मारकही होऊ शकतात व दूरच्या अवयवांत पसरू शकतात, हे त्यांनी मान्य केले. नाव मात्र तेच राहिले. त्यामुळे या गाठी सौम्य असतात ही समजूत वैद्यकात दीर्घकाळ टिकली.

इस्तंबूल

इ.स. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवट आल्यावर ज्यू असल्यामुळे ओबर्नडॉर्फर यांना पदावरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी तुर्कस्तानात अतातुर्क यांच्या काळातील विद्यापीठ सुधारणा सुरू होती आणि जर्मनीतून निर्वासित झालेल्या अनेक प्राध्यापकांना तेथे आश्रय मिळाला. ओबर्नडॉर्फर इस्तंबूल विद्यापीठात सामान्य व प्रायोगिक विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. इ.स. १९४४ मध्ये इस्तंबूल येथेच त्यांचे निधन झाले.

फुप्फुसातील कार्सिनॉइड

श्वसनीमध्ये वाढणाऱ्या काही दुर्मीळ गाठींना पूर्वी 'श्वसनी ॲडेनोमा' म्हणत व त्या सौम्य मानल्या जात. इ.स. १९३७ मध्ये हेरविग हाम्पेर्ल यांनी त्यांपैकी काहींचे आतड्यातील कार्सिनॉइडशी असलेले साम्य दाखवून दिले. ज्या प्रश्नावर ओबर्नडॉर्फर यांना मत बदलावे लागले, तोच प्रश्न येथेही उभा राहिला: संथ वाढणारी ही गाठ सौम्य समजावी की मारक?

आज फुप्फुसातील कार्सिनॉइड हा मारक अर्बुदांचाच, परंतु कमी तीव्र प्रकार मानला जातो. फुप्फुसाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के आहे. त्याचे दोन उपप्रकार आहेत. 'नमुनेदार' कार्सिनॉइडमध्ये २ चौरस मिलिमीटर क्षेत्रात २ पेक्षा कमी पेशीविभाजने दिसतात आणि ऊती मृत झालेल्या नसतात. विभाजने २ ते १० असल्यास किंवा मृत ऊती आढळल्यास अर्बुद 'अनियमित' ठरते. नमुनेदार प्रकारात शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात; तरीही काहींत अर्बुद लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचते. अनियमित प्रकारात पसरण्याचा धोका अधिक असतो. म्हणून गाठ काढल्यानंतरही रुग्णांची अनेक वर्षे नियमित तपासणी केली जाते.

वारसा

अशा अर्बुदांना आता व्यापक अर्थाने 'चेता-अंतःस्रावी अर्बुदे' म्हणतात. पचनसंस्थेच्या वर्गीकरणात कार्सिनॉइड ही संज्ञा मागे पडली आहे. फुप्फुसाच्या वर्गीकरणात मात्र ओबर्नडॉर्फर यांनी दिलेले नाव अद्याप वापरात आहे.