शोकाकडून 'मुक्ती'कडे

आमच्या प्रतिनिधीकडून

कसबा पेठ, पुणे : कसबा पेठ म्हणजे मूळचे पुणे. कसबा गणपती, तांबट आळी, कुंभारवाडा यांच्या भोवतीने वाढलेल्या या शहरात १८८२ मध्ये चोवीस वर्षांची एक विधवा तान्ह्या मुलीला घेऊन आली. संस्कृतवर तिचे असामान्य प्रभुत्व होते. मात्र माहेरचे म्हणावे असे एकही माणूस तिच्यामागे उरले नव्हते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. पुढे दारिद्र्य आले, तीर्थाटन सुरू झाले आणि १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत या कुटुंबाची अक्षरशः वाताहत झाली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. हा सन्मान वाट्याला आला, तोवर ज्या देवतांसाठी सारे आयुष्य अनवाणी चालण्यात गेले, त्यांच्यावरील त्यांची श्रद्धा मात्र ढासळू लागली होती.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. आठ वर्षांत पाच मृत्यू!

पुण्याने त्यांचे स्वागत केले, हे नमूद करायला हवे. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. तेथे सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आपले जीवन संपविले. हा आघात ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची सेवा या भगिनी मायेने करीत असलेली त्यांनी लंडनजवळ फुलहॅम येथे पाहिली होती. त्याचा त्यांच्या मनावर झालेला परिणाम ग्रंथांपेक्षा कमी नव्हता. तरीही त्या कोणाच्या आज्ञाधारक शिष्या झाल्या नाहीत. धर्मगुरूंच्या अधिकारावरून भगिनींशी त्यांचे वाद होत राहिले.

अमेरिकेतून मदत मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. येथेच कसोटी लागली. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेले. पुण्याची बाजू अगदीच निराधार होती असे नाही. संस्था धर्मनिरपेक्ष राहील हा शब्द होता. पण याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, हेही पुण्याने विसरू नये.

रमाबाईंच्या दुःखाला खरी वाट मिळाली ती १८९६ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात मुली अन्नावाचून मरत असल्याचे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. सुमारे ३०० मुली-स्त्रियांना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर नेले. विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या राहिल्या. तेच 'मुक्ती सदन'. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या २,००० च्या घरात गेली. वाट चुकलेल्या वा फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' निघाले, अंध मुलींना शिक्षण मिळू लागले. शेती, विणकाम, छपाई ही कामे स्त्रियाच करीत. प्रार्थनेइतकाच हा कामाचा दिनक्रमही खचलेल्या जिवांना उभे करीत असे.

अखेरच्या वर्षांत ऐकू कमी येत असताना रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम चालविले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेची धुरा जिच्या हाती द्यायची, तीच गेली. रमाबाई काम करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथील स्त्रियांचे होते.