ओहम मास्तर

स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रज्ञाबद्दल लिही, असं सांगितल्यावर मी जॉर्ज सायमन ओहम यांना निवडलं. ज्या कामामुळे त्यांचं नाव आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आलं, ते त्यांनी शाळेत शिकवता शिकवता केलं होतं.

ओहम यांचा जन्म 1789 चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते स्वतःच गणित शिकले आणि मुलांनाही शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली. सोळाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं, तर चिरंजीव नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमले! वडील भडकले. दीड वर्षात शिक्षण सुटलं आणि स्वित्झर्लंडमधल्या शाळेत गणित शिकवायला जावं लागलं. पुढे परत येऊन 1811 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

1817 मध्ये ते कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. प्रश्न साधा होता: तार लांब केली की विद्युतधारा किती कमी होते? अडचण बॅटरीची होती. मोजमाप चालू असतानाच तिचा जोर उतरायचा. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहमनी बॅटरीऐवजी बिस्मथ आणि तांब्याचा जोड वापरला. एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विभवांतरही कायम. मग फक्त तारा बदलायच्या आणि टांगलेल्या चुंबकसुईवरून धारा मोजायची. प्रोग्राममधला दोष शोधताना मी रोज हेच करते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं.

यातून नियम हाती आला. तापमान तेच असेल तर तारेतली धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध. 1827 मध्ये बर्लिनहून त्यांचं पुस्तक निघालं. त्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांना आशा होती. पण स्वागत थंड झालं. निराश होऊन त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. 1833 मध्ये न्यूरेंबर्गला बरी नोकरी मिळाली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं. म्युनिकमध्ये भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं 1852 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी. दोनच वर्षांनी ते गेले. 1881 च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचं नाव मिळालं, व्होल्ट आणि अँपिअरच्या पंगतीत.

हा नियम आपल्या न्हाणीघरातही आहे. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर चालतो. वॅट भागिले व्होल्ट केलं की धारा येते सुमारे 8.7 अँपिअर, आणि रोध साधारण 26 ओहम. म्हणून तो सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावायचा नसतो, त्याला सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं.

आपल्या सर-बाईंनीही वर्गाबाहेरच्या वेळात कितीतरी कामं केली असतील, ज्यांची आपण कधी चौकशीच केली नाही. मेळाव्यात त्या सगळ्यांच्या शेजारी निवांत बसायला मिळणार आहे. तेव्हा आपल्या मुलाबाळांचे आणि नोकरीचे पाढे जरा नंतर वाचू. आधी त्यांना विचारू या, काय काय केलंत?