डॉ. आंबेडकर आणि भंडाऱ्याचे मतदार

राजकारणातील मनुष्याचे मोल तो किती वेळा निवडून आला यावरून ठरविण्याची आमच्या व्यापारी गावांत चाल आहे. या हिशेबाने पाहू गेल्यास डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे खाते तोट्यातच निघेल. १९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईने त्यांस नाकारले. १९५४ सालच्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यानेही तेच केले. त्या वेळी येथे दोन जागा असून प्रत्येक मतदारास दोन मते होती. सर्वसाधारण जागा अशोक मेहता यांस मिळाली व राखीव जागी काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. मतदान करताना जातीचा विचार कोणाच्याच मनात नव्हता, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

ज्यास असे नाकारले त्याचे काम काय होते? १९२७ पासून ते मुंबईच्या कौन्सिलात होते. १९३७ साली निवडून येऊन त्यांनी खोतीची पद्धत नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांजकडे आले आणि त्यांच्या कारकीर्दीतच १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे काम ४८ तासांवर उतरले. पुढे ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष व स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले कायदेमंत्री झाले, हे सर्वश्रुतच आहे.

आम्हांस मोठे वाटते ते त्यांचे मंत्रिपद सोडणे. मुलीस बापाच्या मालमत्तेत वाटा, स्त्रीस घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्वाचे बंधन, हे सारे हिंदू कोड बिलात होते. सनातन्यांनी काहूर उठविले, सरकार कचरले व बिल मागे पडले. त्यांच्या इतरही तक्रारी होत्याच. तथापि ही मोठी होती, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बायकांच्या वारशापायी खुर्ची सोडणारे मंत्री आम्ही फारसे ऐकलेले नाहीत.

तेच बिल तुकड्यातुकड्यांनी १९५५ व १९५६ साली संमत झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब निवर्तले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस जन्मतः मुलाइतका हक्क देशभर मिळावयास २००५ साल उजाडावे लागले. आता पेठेतील वडिलोपार्जित दुकानाच्या वाटणीस बहिणीची सही लागते. पुष्कळ घरी ती हक्कसोडपत्रावरच घेतली जाते, हेही आम्ही पाहतो.