वेळेचा हिशेब

परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गात वेळापत्रकांची लाट येते. गेल्या वर्षी मीही एक केले होते. लाल व निळ्या शाईत आखलेले, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंतचे. ते आखण्यात दोन दिवस गेले आणि पाळले गेले जेमतेम दीड दिवस. शिवाय त्यात इतिहासाला सगळ्यात मोठे रकाने दिले होते, कारण इतिहास मला आवडतो. इंग्रजीला उरलेसुरले. व्हायचे तेच झाले; इंग्रजीचा पेपर राहिला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे पेपर राहतो म्हणजे नेमके काय होते, हे वडिलांना समजावून सांगताना मला नापास होण्यापेक्षाही जास्त जड गेले.

त्या सुट्टीत ग्रंथालयातून धनंजय कीर यांनी लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र घरी नेले. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे जयंतीच्या प्रत्येक भाषणात ऐकत आलो आहे. खरे सांगायचे तर अशा भाषणाने मला नेहमी थोडे दडपायलाच होते. मी संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहितो. मला अठरा तास कोठून मिळणार? पण या वेळी तास किती हे बाजूला ठेवले, आणि ते तास आले कोठून व कशावर खर्ची पडले एवढेच पाहात वाचले. तेव्हा निराळेच काही हाती लागले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षकही होते. साताऱ्यातील शाळेत भीमरावांना वर्गात वेगळे बसावे लागे, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे कुटुंब मुंबईस आले व परळच्या डबक चाळीत राहू लागले. एकच खोली. तीत सारा संसार, स्वयंपाक, सरपण, डोक्याशी जाते आणि एका बाजूला बांधलेली शेळी. अशा जागेत दिवसा अभ्यास होणे शक्यच नव्हते. मग रामजींनी युक्ती काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे. रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण झोपायचे. चाळ निजलेली असे, तेवढ्या वेळात दिव्याच्या उजेडात भीमराव वाचीत. म्हणजे बाबासाहेबांचे पहिले वेळापत्रक त्यांनी केलेले नाहीच, ते वडिलांनी केले आणि पाळलेही वडिलांनी. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात आणि त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवून पैसे उभे करीत. त्या लेकींची नावे कोणत्याही भाषणात येत नाहीत, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य तर नव्हतेच. संस्कृत घ्यायचे मनात होते; अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले व पर्शियन घ्यावे लागले. १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या टक्केवारीच्या दिवसांत हा आकडा मुद्दाम लिहून ठेवतो. एवढ्या गुणांवरही सत्कार झाला, आणि त्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली व भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. लगोलग, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजी वारले.

त्याच वर्षी बडोदे सरकारने परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. करार असा की, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. येथे एक गोष्ट वाचून मला फार बरे वाटले. पहिले काही महिने त्यांचेही मित्रमंडळी, खेळ आणि भटकंती यांत गेले! वसतिगृहाचे मोकळे वातावरण, कोणी शिवू नको म्हणणारे नाही. बावीस वर्षांच्या तरुणाने दुसरे काय करावे? मग एके रात्री आपण येथे कशासाठी आलो याचा विचार मनात आला आणि दिनक्रम पार बदलला.

त्यानंतरच्या अभ्यासात मला हिशेब दिसतो तो असा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. अर्थशास्त्र मुख्य हे एकदा ठरले, की बाकीचे विषय त्याच्या मागे उभे राहिले. वाचन चौफेर होते, पण विस्कळीत नव्हते. १९१५ मध्ये एम. ए., आणि मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरील तो प्रसिद्ध निबंध, तोही गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला. बाजूला ठेवलेल्या चार अभ्यासक्रमांतूनच जन्मभराचा विषय निघाला. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार जुनी पुस्तके विकत घेतली, हेही याच दिवसांतले.

तेथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे एकदम नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्धवट शिक्षण टाकून परतावे लागले. सामान ज्या बोटीने पाठविले, ती युद्धात पाणतीराने बुडाली. मात्र निघताना त्यांनी एक काम करून ठेवले होते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळविली होती. आपल्या परीक्षेची तारीख विद्यापीठ ठरवते, ती पुढे गेली तर आपण आनंदाने नाचतो. त्यांच्यामागे मात्र ही चार वर्षांची मुदत लागली होती, आणि हातात पैसा नव्हता.

बडोद्याच्या नोकरीत अपमान झाला, राहायला जागा मिळेना, ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. हा काळ चरित्रात दोनचार पानांत संपतो, पण माझ्या मते खरा अभ्यास येथे आहे. पगार वाढला तरी राहणी चाळीतलीच ठेवली. रमाबाईंच्या हाती ठरावीक रक्कम द्यायची, तीत त्यांनी घर चालवायचे आणि उरलेले लंडनसाठी मागे टाकायचे. त्यात शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज पडले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. मुदतीतले एकच वर्ष उरले होते.

लंडनमधील दिवस ऐकीव आहेतच. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत शिरायचे व बंद होताना बाहेर पडायचे. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत, म्हणून तोही वेळ वाचनात जाई. रात्री भूक लागली की मुंबईहून नेलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायचे. सोबत राहणारे अस्नाडेकर मध्यरात्री जागे झाले तरी दिवा जळतच असे. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. हाती आली, म्हणजे दाखल झाल्यापासून वर्षाच्या आत. १९२२ मध्ये बॅरिस्टरी पुरी झाली आणि त्याच ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठास सादर केला.

इकडे परळच्या चाळीत रमाबाई काय करीत होत्या, याचा हिशेब या वेळापत्रकात मांडलेला नाही. मला तो मांडता येत नाही, पण सोडूनही देववत नाही. माझी आई पहाटे उठून कामे उरकते, ती मी अभ्यासाला बसावा म्हणून. तेव्हा वाचलेला तास माझा की तिचा, हे मला ठरवता आलेले नाही.

प्रबंध मात्र एकदम मान्य झाला नाही. परीक्षकांनी त्याची मांडणी बदलून पुन्हा देण्यास सांगितले. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि लंडनला पाठवून दिला. निष्कर्ष बदलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. पदवी मिळाली आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो प्रबंध छापला. प्रस्तावना प्रा. कॅनन यांची आहे. अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीस आहे. रामजींना जाऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती.