मातीतला न दिसणारा शत्रू शोधणारे शिक्षक : नेथन कॉब



टोमॅटोचं झाड दुपारी मलूल होतं, पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. आपण पाणी वाढवतो, खत घालतो. फरक काहीच नाही. शेवटी झाड उपटलं की मुळांवर गाठीच गाठी! हा उद्योग सूत्रकृमींचा. जमिनीतलं त्यांचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. अशा जिवांच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचा मान मिळवून देणारे नेथन ऑगस्टस कॉब हे आधी एक शिक्षक होते. म्हणून आज त्यांची ओळख.

कॉब यांचा जन्म ३० जून १८५९ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्पेन्सर या गावी झाला. १८८१ मध्ये पदवी मिळाल्यावर काही वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. मग शिकवण्याची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले! जर्मनीतल्या येना विद्यापीठात सूत्रकृमींवर प्रबंध लिहून १८८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पुढच्याच वर्षी ते ऑस्ट्रेलियात गेले. न्यू साउथ वेल्सच्या शेती खात्यात पिकांचे रोग शोधण्याचं काम मिळालं. १८९० मध्ये तिथल्या शेतीविषयक नियतकालिकात त्यांनी मुळांवरच्या गाठींवर सविस्तर लेख लिहिला.

या गाठी होतात कशा? पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरतं आणि एका जागी ठाण मांडतं. त्याच्यामुळे आजूबाजूच्या पेशी फुगून मोठ्या होतात आणि झाडाचं अन्न त्यालाच पुरवत राहतात. मादी फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार!

१९०५ मध्ये कॉब हवाई बेटांवर उसाच्या रोगांच्या कामाला गेले आणि १९०७ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यात आले. १९१४ च्या सुमारास त्यांनी या अभ्यासाला वेगळं नाव दिलं. लोकांना पटावं म्हणून एक चित्रही रंगवलं : जगातलं सगळं नाहीसं झालं आणि फक्त सूत्रकृमी उरले, तरी त्यांच्या पातळ थरावरून डोंगर, नद्या, समुद्र ओळखू येतील. वर्गात सांगून बघा, मुलांचे डोळे विस्फारतात!

पण नुसत्या कल्पनेने शेतकऱ्याचं पीक वाचत नाही. माती पाण्यात ढवळायची, जड वाळू खाली बसू द्यायची, वरचं पाणी बारीक चाळण्यांतून गाळायचं आणि कृमी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, ही पद्धत त्यांनी घडवली. जमिनीतल्या कृमींची संख्या कशी काढावी यावर त्यांनी १९१८ मध्ये पुस्तिकाही लिहिली. ४ जून १९३२ रोजी बाल्टिमोर इथे त्यांचं निधन झालं.

हे मोजणं का महत्त्वाचं? कारण एकदा शिरलेला सूत्रकृमी शेतातून पूर्ण जात नाही. त्याची संख्या कमी ठेवावी लागते. निरोगी रोपं लावणं, पिकांची फेरपालट, झेंडू, उन्हाळी नांगरट, निंबोळी पेंड, प्रतिकारक वाण हे सगळे उपाय त्यासाठीच. आपल्याकडच्या टोमॅटो आणि डाळिंबाच्या शेतकऱ्यांनाही हेच करावं लागतं.

मुलांसाठी एक उपक्रम : पीक निघाल्यावर टोमॅटोचं आणि हरभऱ्याचं एकेक झाड हळूच उपटून मुळं धुवा. हरभऱ्यावरच्या उपयोगी गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. चांगली गाठ कोणती, वाईट कोणती, हे मुलांनाच ओळखू द्या.

झाड मलूल दिसलं की आपण पानांकडे बघतो. कॉब यांनी मुळांकडे बघायला शिकवलं. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाकडे बघतानाही आपण हे लक्षात ठेवू या, नाही का?